पलीकडे जागा असूनही व्हॉल्यूमची कॉपी ‘जागा शिल्लक नाही’ म्हणून का थांबते

एका सर्व्हरवरील स्टोरेज व्हॉल्यूम (साठवणीच्या जागेचा स्वतंत्र डिस्कसारखा वापरला जाणारा भाग) दुसऱ्या सर्व्हरवर नेताना, पलीकडे पुरेशी जागा दिसत असूनही कॉपी किंवा तिच्यानंतरचे काम मध्येच थांबते, ही अडचण आमच्या कार्यालयात एका वर्षात चार वेळा आली. तीन वेळा पडद्यावरचा संदेश तोच होता, ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’. चौथ्या वेळी संदेशात जागेचा उल्लेखही नव्हता, आणि तरीही मूळ जागेतच होते. कारणे मात्र चारही वेळा वेगळी निघाली, त्यामुळे आधीच्या वेळी लागू पडलेला उपाय पुढच्या वेळी उपयोगी पडला नाही. ज्यांना हा संदेश वारंवार दिसतो, त्यांना आपल्याकडचे कारण कोणते हे ओळखता यावे, म्हणून सर्व तपशील लिहीत आहे.

आमचे कार्यालय अंधेरी पूर्वेला आहे आणि आम्ही सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब व कागदपत्रे सांभाळतो. भागपत्रे, इतिवृत्ते, जुने करारनामे असे सगळे स्कॅन करून ठेवलेले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरील कागद आणि संगणक दोन्ही भिजलेले ज्यांनी पाहिले, त्यांना दुसरी प्रत खाडीपलीकडे का हवी हे समजावून सांगावे लागत नाही. आमची दुसरी प्रत ऐरोलीला असते. तिथे प्रत्यक्ष जायचे तर मेट्रोने घाटकोपर, तिथून ठाणे आणि मग ट्रान्स हार्बरची गाडी असा प्रवास आहे. रात्री डिस्क बदलण्याची वेळ आली तर पहिल्या लोकलपर्यंत थांबावेच लागते. म्हणून जागेचा हिशेब कॉपी सुरू करण्यापूर्वी होणे आमच्यासाठी महत्त्वाचे आहे. (या लेखात जीबी म्हणजे १०२४ च्या पटीतला, लिनक्सच्या आज्ञा सहसा दाखवतात तो.)

पहिली वेळ: ६२ टक्के

मूळ सर्व्हरवर एलव्हीएमचा (लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) थिन पूल, म्हणजे लिहिले जाईल तेवढीच जागा प्रत्यक्षात देणारा साठा, होता आणि त्यात स्कॅन ठेवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनचा (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या संगणकाचा) ५०० जीबीचा व्हॉल्यूम होता. त्या मशीनमध्ये शिरून पाहिले तर वापर ९६ जीबीच होता. पलीकडे एक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीच्या) विभाजनावर ३१० जीबी मोकळी होती. तिप्पट जागा आहे असे मानून रात्री दहाला डीडी या, डिस्क जशीच्या तशी उतरवणाऱ्या आज्ञेने कॉपी सुरू केली आणि पावणेदोनच्या सुमारास, ६२ टक्क्यांवर, ती थांबली. ५०० चे ६२ टक्के म्हणजे बरोबर ३१०.

इथे समजून घेण्याची गोष्ट अशी की एका व्हॉल्यूमला एकच आकार नसतो. आमच्या व्हॉल्यूमचा घोषित आकार ५०० जीबी होता. थिन पूलने त्याला प्रत्यक्षात दिलेली जागा ४३ टक्के, म्हणजे २१५ जीबी होती. ती एलव्हीएस या आज्ञेच्या डेटा टक्केवारीच्या रकान्यात दिसते. आणि आतल्या फाइल सिस्टिमला वाटणारा वापर ९६ जीबी होता, जो आत डीएफ ही वापर दाखवणारी आज्ञा चालवल्यावर दिसतो. डीडीला यांपैकी पहिलाच आकडा कळतो. जो भाग कधी लिहिलाच गेला नाही तो वाचल्यावर शून्ये मिळतात आणि डीडी ती शून्ये इमानाने पलीकडे लिहून काढते. रिकामी जागा अशा प्रकारे भरलेली जागा होते, आणि शिवाय २०० मेगाबिटच्या लाइनवर जिथे २१५ जीबीला अडीच तास पुरले असते तिथे ५०० जीबीला सहा तास लागतात.

२१५ आणि ९६ यांतला फरक कुठून आला, हा पुढचा प्रश्न. आमच्याकडे स्कॅन आधी मोठ्या टिफ फाइलींत होतात, त्यांची पीडीएफ तयार झाली की टिफ पुसल्या जातात. फाइल पुसली की आतल्या फाइल सिस्टिमला ती जागा मोकळी वाटते, परंतु खालच्या थिन पूलला कोणी सांगितल्याशिवाय ते कळत नाही. हे सांगण्याचे काम एफएसट्रिम ही आज्ञा करते. मात्र त्यासाठी व्हर्च्युअल डिस्कच्या मांडणीत डिस्कार्डचा (मोकळ्या जागेची सूचना खाली पाठवण्याचा) पर्याय ‘अनमॅप’ असा ठेवलेला असावा लागतो. व्हर्च्युअल डिस्क जोडण्याच्या प्रकारांपैकी व्हर्टआयओ स्कझीवर ही सोय पूर्वीपासून आहे, साध्या व्हर्टआयओ ब्लॉकवर ती क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २०१९ मधील ४.० आवृत्तीपासून आली. मध्ये लक्सचे एन्क्रिप्शन असेल तर तेही डिस्कार्डचा संदेश आपणहून खाली जाऊ देत नाही, त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. आम्ही हा पर्याय बसवून, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केले आणि आत एफएसट्रिम चालवले, तेव्हा २१५ चे ९८ झाले. ९६ पर्यंत ते उतरले नाही, कारण थिन पूल जागा ६४ केबी किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांनी देतो आणि तुकडा पूर्ण रिकामा झाल्याशिवाय परत घेत नाही.

एक जुना उपाय अनेकजण सांगतात: आत शून्यांनी भरलेली एक प्रचंड फाइल तयार करायची, मोकळी जागा संपली की ती पुसायची आणि मग शून्ये वगळून कॉपी करायची. मूळ व्हॉल्यूम थिन पूलवर असेल तर हे कृपया करू नका. शून्ये लिहिणे हेही लिहिणेच आहे. २१५ जीबीचा व्हॉल्यूम त्या उद्योगात ५०० पर्यंत फुगतो आणि पलीकडची जागा वाचवण्याच्या नादात अलीकडचा पूल भरतो. थिन पूल पूर्ण भरला तर लिहिणारी मशीन साधारण ६० सेकंद ताटकळतात आणि नंतर त्यांना लिहिण्याचा दोष मिळू लागतो, तोही त्या एका व्हॉल्यूमला नव्हे तर पूलमधील सर्वांना. पूल आपोआप वाढण्याची सोय एलव्हीएममध्ये आहे, पण तिची मर्यादा मुळात १०० टक्क्यांवर ठेवलेली असते, म्हणजेच ती बंद असते. ती ८० च्या आसपास आणून ठेवावी. त्याबरोबर व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे पूल ज्या डिस्कजागेतून वाढतो तिच्यात, मोकळी जागाही ठेवावी, अन्यथा वाढायला काही उरत नाही. डेटाइतकेच मेटाडेटाच्या (कोणता तुकडा कुठे आहे याच्या नोंदींच्या) टक्केवारीकडेही लक्ष असू द्यावे, कारण मेटाडेटा भरला तर दुरुस्ती पुष्कळ अवघड जाते.

ट्रिम झाल्यावर डीडीला ‘कॉन्व्ह’मध्ये ‘स्पार्स’ सांगून कॉपी केली की ती शून्यांचे ब्लॉक लिहीत नाही, फक्त पुढे सरकते, आणि पलीकडची फाइल पोकळ राहते. येथे एक गंभीर धोका आहे. पलीकडे नवी फाइल, नवा थिन व्हॉल्यूम किंवा नवा झेडव्हॉल (झेडएफएस या फाइल सिस्टिममधला व्हॉल्यूम) असेल तर न लिहिलेला भाग शून्यच वाचला जातो, म्हणून हे सुरक्षित आहे. पण पलीकडे आधी वापरलेले साधे लॉजिकल व्हॉल्यूम किंवा जुनी डिस्क असेल, तर जिथे शून्ये असायला हवीत तिथे जुना मजकूर तसाच राहतो आणि कॉपी ‘यशस्वी’ होऊनही फाइल सिस्टिम बिघडलेली निघते. अशा ठिकाणी स्पार्सचा मोह टाळावा आणि सहा तास लागले तरी पूर्ण लिहू द्यावे. पोकळ फाइल झाली की नाही हे तपासायचे असेल तर डीयू (फाइलीने व्यापलेली जागा दाखवणारी आज्ञा) दोनदा चालवावे, एकदा साधे आणि एकदा दृश्य आकाराच्या पर्यायासह. आमच्याकडे ९८ आणि ५०० असे दोन आकडे आले.

दुसरी वेळ: न दिसणाऱ्या फाइली

पुढच्या महिन्यापासून तीच फाइल ताजी करण्यासाठी आरसिंक (फक्त बदललेला भाग पाठवणारे कॉपीचे साधन) वापरू लागलो, स्पार्सच्या पर्यायासह. ३१० मधून ९८ वजा जाता २१२ जीबी मोकळी असायला हवी होती, आणि तरीही कॉपी थांबली. डीएफ सांगत होते की जेमतेम ३७ जीबी उरली आहे, पण फोल्डरमध्ये पाहिले तर तीच एक फाइल.

आरसिंक चालू फाइलीला हात लावत नाही. तिच्या शेजारी एक तात्पुरती फाइल तयार करते आणि सर्व पूर्ण झाल्यावर नाव बदलून जुनीच्या जागी बसवते. या पद्धतीत मधल्या काळात दोन्ही फाइलींची जागा लागते. हा हिशेब आम्ही धरला होता. धरले नव्हते ते असे की आधी दोनदा लाइन अडकल्यावर पलीकडची प्रक्रिया सक्तीने संपवली गेली होती. आरसिंकला सभ्यपणे थांबवले तर ती आपली तात्पुरती फाइल पुसून जाते, पण सक्तीने मारली किंवा वीज गेली तर तिला ती संधीच मिळत नाही. त्या फाइलीचे नाव टिंबाने सुरू होते आणि शेवटी सहा यादृच्छिक अक्षरे असतात, त्यामुळे साध्या यादीत ती दिसत नाही. अशा दोन फाइली तिथे पडून होत्या, दोन्ही मिळून १७५ जीबीच्या.

त्या पुसण्यापूर्वी आरसिंकची कोणतीही प्रक्रिया चालू नाही ना, हे दोन्ही सर्व्हरवर पाहावे. कायमचा उपाय म्हणून ‘इनप्लेस’ हा पर्याय आहे, ज्यात फाइल जागच्या जागी बदलली जाते आणि दुप्पट जागा लागत नाही. त्याची किंमत अशी की कॉपी मध्येच तुटली तर पलीकडची फाइल अर्धी जुनी, अर्धी नवी राहते, म्हणून पलीकडे आधी स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) घेता येत असेल तरच तो वापरावा असे माझे मत आहे. पलीकडे स्नॅपशॉट असतील तर इनप्लेसचा आणखी एक फायदा होतो: बदललेलेच ब्लॉक नव्याने लिहिले जातात. इनप्लेस नसेल तर दरवेळी संपूर्ण फाइल नवी होते, जुनी स्नॅपशॉटमध्ये अडकून पडते, आणि चार स्नॅपशॉट म्हणजे जवळजवळ चार पूर्ण प्रती होतात. स्पार्स आणि इनप्लेस एकत्र चालण्यासाठी आरसिंक ३.१.३ किंवा त्यानंतरची हवी. त्यापूर्वी ती दोन्ही एकत्र स्वीकारत नसे.

तिसरी वेळ: झेडएफएसचा हिशेब

स्नॅपशॉट हवे म्हणून पलीकडे झेडएफएसचा सहा डिस्कचा रेडझेड२ पूल (दोन डिस्क बिघडल्या तरी मजकूर टिकवणारी रचना) उभा केला. ५०० जीबीचा झेडव्हॉल करून त्यात ९८ जीबीचा मजकूर आणला. कॉपी व्यवस्थित झाली. नंतर पहिला स्नॅपशॉट घ्यायला गेलो आणि जागा शिल्लक नाही.

यात दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. झेडव्हॉल विशेष न सांगता तयार केला तर झेडएफएस त्याच्या संपूर्ण घोषित आकाराइतकी जागा राखून ठेवते. स्नॅपशॉट घेतल्यावर आतला मजकूर गोठतो, आणि तरीही व्हॉल्यूम पूर्ण आकारापर्यंत नव्याने लिहिता यायलाच हवा हे वचन कायम असते. म्हणून गोठलेल्या मजकुराइतकी जागा वर आणखी मागितली जाते. ‘झेडएफएस लिस्ट’ला जागेचा तपशील विचारला की वापराचे चार रकाने वेगळे दिसतात, स्नॅपशॉटचा, खुद्द मजकुराचा, राखीव जागेचा आणि खालच्या डेटासेटचा. आमचा तिसरा रकाना सर्वांत मोठा होता. राखीव मूल्य ‘नन’ केले आणि स्नॅपशॉट लगेच झाला. मात्र त्यानंतर पूल भरणार नाही हे पाहण्याची जबाबदारी आपली असते. हे मूल्य गुणधर्मांसह पाठवलेल्या कॉपीतूनही पलीकडे येते, तेव्हा नव्या सर्व्हरवर ते पुन्हा तपासावे.

दुसरी गोष्ट अशी की ९८ जीबीचा मजकूर या पूलवर जवळजवळ दुप्पट दिसत होता. याचे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. झेडव्हॉलचा ब्लॉक ८ केबीचा होता आणि डिस्कचा सेक्टर, म्हणजे लिहिण्याचे सर्वांत लहान एकक, ४ केबीचा. एका ब्लॉकसाठी मजकुराचे २ सेक्टर आणि रेडझेड२ च्या पॅरिटीचे (डिस्क बिघडल्यास मजकूर परत मिळवण्याच्या माहितीचे) २, असे ४ झाले. पण रेडझेड२ मध्ये वाटप ३ च्या पटीतच होते, म्हणून ६ सेक्टर गेले. ८ केबीसाठी २४ केबी. सहा डिस्कच्या रेडझेड२ मध्ये अपेक्षित गुणोत्तर दीडपट, प्रत्यक्षात तिप्पट, म्हणून वापर दुप्पट दिसतो. ब्लॉक १६ केबीचा घेतला तर मजकुराचे ४ आणि पॅरिटीचे २ मिळून ६, काहीच वाया जात नाही. ओपनझेडएफएसने २.२ आवृत्तीपासून मुळातला आकार १६ केबी केला आहे, पण जुन्या व्हॉल्यूमचा ब्लॉक नंतर बदलता येत नाही, आणि झेडएफएसच्या सेंड-रिसिव्हने (स्नॅपशॉट पाठवण्याच्या व स्वीकारण्याच्या आज्ञांनी) पाठवला तरी तो जुनाच राहतो. आम्ही नवा झेडव्हॉल करून मजकूर डीडीने त्यात ओतला. आमच्या स्कॅन पीडीएफ आधीच दाबलेल्या असल्याने कॉम्प्रेशनची मदत नव्हती. इतरांना ती मिळू शकेल, मात्र पलीकडे कॉम्प्रेशन बंद असेल तर अलीकडे लहान दिसणारा व्हॉल्यूम पलीकडे फुगतो हेही ध्यानात असावे.

चौथी वेळ: संदेश वेगळा, मूळ जागेतच

हिशेबाचा डेटाबेस एका जुन्या सर्व्हरवर साध्या एलव्हीएमवर होता. त्याचा २० जीबीचा स्नॅपशॉट घेऊन त्यावरून कॉपी चालू असताना ‘इनपुट-आउटपुट दोष’ आला आणि आम्ही दोन दिवस डिस्क खराब झाली असे समजून तपासत बसलो. साध्या एलव्हीएम स्नॅपशॉटमध्ये मूळ व्हॉल्यूमवर जो ब्लॉक बदलेल त्याची जुनी प्रत त्या ठरावीक जागेत ठेवली जाते, आणि ती जागा भरली की संपूर्ण स्नॅपशॉट अवैध ठरतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असल्याने त्या आठवड्यांत ताळेबंदांची नोंदणी रात्रीही चालू होती. २० जीबी पहाटेपूर्वीच संपली. एलव्हीएसमध्ये स्नॅपशॉटची टक्केवारी दर काही मिनिटांनी पाहिली असती तर पहिल्याच रात्री उलगडा झाला असता. त्यानंतर आम्ही स्नॅपशॉटला ६० जीबी देतो आणि कॉपी नोंदणी बंद झाल्यावरच लावतो.

राहिलेली किरकोळ कारणेही सांगून ठेवतो. जागा असूनही तोच संदेश आला आणि कॉपी लहान फाइलींची असेल तर डीएफला आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणाऱ्या नोंदी) विचारावेत. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम सर्वसाधारणपणे १६ केबीमागे एकच आयनोड ठेवते. तीच फाइल सिस्टिम ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य प्रशासक खात्यासाठी) राखते, जी ४ टीबीच्या डिस्कवर सुमारे १८६ जीबी होते. केवळ प्रती ठेवण्याच्या विभाजनावर ती कमी करायला हरकत नाही. डिस्कवर छापलेले ४ टीबी १०२४ च्या हिशेबात ३.६४ च भरतात. फाइल पुसूनही जागा परत आली नाही तर एलएसओएफ या आज्ञेने पुसलेल्या पण उघड्या फाइली शोधाव्यात. एलएक्सडी (कंटेनर व व्हर्च्युअल मशीन सांभाळणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी आपला पूल लूप फाइलीवर (डिस्कसारख्या वापरल्या जाणाऱ्या फाइलीवर) आहे का ते पाहावे, कारण काही न सांगता केलेला असा पूल मोकळ्या जागेच्या २० टक्के आणि फार तर ३० जीबीचा होतो, मग खालची डिस्क कितीही मोठी असो.

आता कोणतीही कॉपी लावण्यापूर्वी आम्ही एका वहीत आकडे लिहितो: घोषित आकार, ट्रिमनंतर प्रत्यक्ष व्यापलेली जागा, पलीकडच्या पद्धतीनुसार होणारी वाढ, कॉपी चालू असताना लागणारी तात्पुरती जागा, आणि पलीकडे स्नॅपशॉटमध्ये अडकलेली जागा. शेवटी पलीकडचा पूल ८० टक्क्यांच्या आत राहील का ते पाहतो. दोन्ही बाजूंना झेडएफएस असेल तर पाठवण्यापूर्वी सेंडला ‘करून पाहा, पाठवू नका’ असे सांगितले की अंदाजे आकार मिळतो. पाच सेकंदांचे काम आहे.

पूल भरलेलाच असेल आणि आत्ता जागा करायची असेल, तर आधी अर्धवट राहिलेले रिसिव्ह शोधावेत. पुन्हा जोडता येईल अशा पर्यायाने चालवलेले रिसिव्ह तुटले की आलेला मजकूर तसाच राखून ठेवते, आणि पुढे न्यायचे नसेल तर ते रद्द करावे लागते. त्यानंतर जुने स्नॅपशॉट काढावेत, पण सर्वांत नवा जो स्नॅपशॉट दोन्ही सर्व्हरवर समान आहे तो काढू नये. घाईत तोच एकदा आमच्याकडून पलीकडे पुसला गेला. जागा ४ जीबीच मिळाली, आणि पुढच्या रात्री फक्त बदल पाठवता न आल्याने संपूर्ण व्हॉल्यूम नव्याने पाठवावा लागला. आता त्या समान स्नॅपशॉटवर दोन्हीकडे ‘होल्ड’ (पुसण्यास अटकाव) लावलेला असतो, आणि नवी कॉपी पोहोचून पलीकडे एकदा वाचून पाहिल्यावरच जुना होल्ड सोडला जातो.